वाजंत्री, बँड आणि शाळा

बेळगावच्या पूर्वेस असलेले सांबरा हे गाव परप्रांतीच्या वाचकांना विमानतळामुळे ठाऊक असेल. परंतु तेथे वायुसेनेचे एअरमन ट्रेनिंग स्कूलही आहे, आणि शिक्षण संपविलेल्या तुकड्यांचे दीक्षान्त संचलन बँडच्या तालावर होते. बेळगावच्या छावणीत, मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रातही तोच प्रकार. मात्र दोहोंची लय एक नव्हे. एरवीचे जलद संचलन मिनिटाला १२० पावलांचे, तर हलक्या पायदळाचे १४० पावलांचे. आमचा 'गणपत' चालतो तो असा झपाझप, आणि बँडलाही त्याच्या पायाशी पाय मिळवावा लागतो.

ही पितळी वाद्ये गोऱ्यांच्या पलटणींबरोबर आली. छावणीतून ती संस्थानिकांच्या दरबारात गेली आणि तेथून लग्नाच्या वरातीत उतरली. सनई, डफ, हलगी पिढ्यान्‌पिढ्या वाजविणाऱ्या होलार, कोरवी, मातंग घराण्यांतील पुरुषांनी क्लॅरिनेट आणि ट्रंपेट हाती घेतले व केवळ कानाने शिकून आपलेसे केले. आम्ही त्यांना झालरीचा अंगरखा दिला, ठरलेली सुपारी दिली; पंक्तीत मात्र शेवटी बसविले. ही विद्या आपल्या मुलास यावी असे वरातीतल्या किती बापांना वाटले असेल?

अमेरिकेतही आरंभ पलटणीतूनच झाला. तिकडचा 'मार्चचा राजा' जॉन फिलिप सूझा हा १८८० ते १८९२ या काळात मरीन बँडचा नायक होता. हा पोर्तुगीज वंशाचा. आमच्या गोव्याकडील डिसोझांच्या आडनावाशी नाते सांगणारा! त्याची १८९६ सालची 'स्टार्स अँड स्ट्राइप्स फॉरएव्हर' ही रचना १९८७ मध्ये त्या देशाचा अधिकृत राष्ट्रीय मार्च ठरली. याच सूझाने १९०६ साली यांत्रिक संगीताविरुद्ध एक जळजळीत लेख लिहिला. घरोघरी फोनोग्राफ आला की मुले वाद्य शिकण्याचे कष्ट घेणार नाहीत, अशी त्याची तक्रार होती. तीत स्वार्थही होता, कारण तबकड्यांपासून संगीतकाराला त्या वेळी काही मिळत नसे. पण भीती पोकळ नव्हती.

तिला उत्तर मिळाले ते शाळांतून. पहिल्या महायुद्धानंतर लष्करातून परतलेले कित्येक वादक शाळांत शिक्षक झाले, आणि १९२३ साली शिकागोत शालेय बँडची पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली. महाविद्यालयांनी तर मैदानच व्यापले. १९०७ साली पर्ड्यू विद्यापीठाच्या वादकांनी वाजवीत वाजवीत 'पी' हे अक्षर उभे करून दाखविले होते. आज आपल्यापैकी कुणाची नातवंडे तिकडे असतील तर ऐन ऑगस्टच्या उन्हात शाळेच्या बँडचा सराव कसा चालतो, हे त्यांच्याच तोंडून ऐकावे. तेथे डॉक्टरची मुलगी ट्रोंबोन उचलते आणि सुताराचा मुलगा तिच्या शेजारी नगारा वाजवितो. कुणाला त्यात कमीपणा वाटत नाही.

असे आपल्याकडे घडलेच नाही असे मात्र नव्हे. गोव्यातील चर्चच्या शाळांत लहान मुलांना स्वरलेखन व व्हायोलिन शिकविण्याची परंपरा होती. पुढे संस्थानांचे बँड, पोलिसांचे बँड आणि मुंबईच्या चित्रपटांचे वाद्यवृंद गोमंतकीय वादकांनी भरले, त्याचे मूळ त्या शाळांत आहे. त्यांच्या शेजारी राहून आम्ही हे पाहिले, पण घेतले नाही. आमच्या मराठी शाळांत लेझीम आहे, झांज आहे, स्वातंत्र्यदिनाला ताशा निघतो. हे चांगलेच आहे. त्यापुढे स्वर वाचायला मात्र कोणी शिकवीत नाही.

त्याचे फळ आज रस्त्यावर दिसते. वैशाख शुद्ध द्वितीयेच्या शिवजयंतीनंतर बेळगावात चित्ररथांची मिरवणूक निघते. तेथे काय किंवा निपाणीच्या एखाद्या वरातीत काय, बँडची जागा ध्वनिवर्धकांच्या भिंतींनी घेतली आहे. २००० सालच्या नियमांनी वस्तीतील आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ठरविली. ती पाळली जाते असे कोणता म्हातारा म्हणेल? छातीत धडधडते ते ऐकून सोसावे लागते. पण बँडवाल्याचे पोट गेले, ही गोष्ट आम्हांस अधिक बोचते.

वास्तविक शिकविणाऱ्यांचा तुटवडा नाही. लष्करी संगीताचे शिक्षण देणारी संस्था १९५० पासून पचमढीत आहे. तेथे स्वरलेखन शिकलेले वादक चाळिशीच्या आसपास निवृत्त होऊन गावी परततात. नवी रचनाही होते आहे. नागपूरच्या प्राध्यापिका डॉ. तनुजा नाफडे यांनी रागसंगीताच्या आधारे बांधलेली 'शंखनाद' ही धून २०१९ च्या प्रजासत्ताकदिनी दिल्लीच्या संचलनात वाजली. इंदूर, बडोदे, हैदराबाद येथील आपल्या मंडळांच्या शाळांना वार्षिक संमेलनाच्या मंडपावर आणि ध्वनिवर्धकावर जो खर्च येतो, त्यातून दोन बिगुल, एक क्लॅरिनेट व अशा एखाद्या निवृत्त वादकाचे वर्षभराचे मानधन सहज निघावे. कोणी हिशेब मांडून कळविल्यास आम्ही तो या सदरात आनंदाने छापू.