बंदराची जमीन आणि बंदरावरची माणसे

मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर बंदराच्या मालकीची सुमारे ७५० हेक्टर जमीन आहे. १९८९ साली खाडीपलीकडे न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले, कंटेनरची वाहतूक तिकडे वळली आणि जुन्या गोद्यांतील काम आटत गेले. तेव्हापासून या जमिनीवर डोळा ठेवणाऱ्यांची वाण पडलेली नाही. २०१४ मध्ये केंद्र सरकारने राणी जाधव समिती नेमली. २०१८ मध्ये राज्य सरकारने पोर्ट ट्रस्टलाच विशेष नियोजन प्राधिकरण केले, आणि त्याच वर्षअखेर प्रारूप आराखडा जाहीर होऊन हरकती मागवण्यात आल्या.

यालाच लोकसहभाग म्हणण्याची प्रथा आहे! जमीन ज्याच्या ताब्यात, आराखडाही त्याचाच. जनतेने फक्त तयार नकाशावर अर्ज करायचा.

असल्या सहभागाचे मोल काय, हे गिरणगावाला विचारावे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडू लागल्या. १९९१ च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले: एक पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये नियमात दुरुस्ती झाली आणि वाटणी केवळ मोकळ्या जमिनीपुरतीच उरली. उभ्या शेडखालची जमीन हिशेबातून वगळताच जनतेचे दोन वाटे नाममात्र झाले. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती ग्राह्य धरली. कामगार मोर्चे काढीत होता. जमीन मात्र एका पोटनियमाने गेली.

बंदराच्या बाबतीत तर खासगी मालकाची सबबही नाही. ही सार्वजनिक जमीन आहे. मग तिचा विनियोग ठरवताना ससून डॉकवर कोळंबी सोलणाऱ्या बाया, लिलावात मासळी घेणाऱ्या कोळणी आणि दारूखान्यात जुनी जहाजे तोडणारे मजूर कोठे बसतात? २०२१ च्या कायद्याने ट्रस्टच्या जागी प्राधिकरण आले. त्याच्या मंडळावर रेल्वे, संरक्षण व सीमाशुल्क खात्यांना स्थान आहे, राज्य सरकारला आहे, बंदर कर्मचाऱ्यांनाही आहे. मच्छीमारांसाठी वा रहिवाशांसाठी राखीव जागा नाही.

झोपडीवासीयांची अवस्था आणखी बिकट. वस्ती केंद्राच्या जमिनीवर, पुनर्वसनाची योजना राज्याची. केंद्राच्या संमतीवाचून ती लागू होत नाही. दोन सरकारांमधल्या या फटीत कुटुंबांच्या पिढ्या गेल्या आहेत.

उद्याने आणि सागरी फिरस्तीचे मार्ग यांना कोणाचा विरोध असण्याचे कारण नाही; मुंबईला मोकळ्या हवेची गरज आहेच. परंतु क्रम उलटा आहे. आधी वस्तीवस्तीत जाऊन घरांची व रोजगाराची मोजणी व्हावी, तिची यादी मराठीत व हिंदीत चावडीवर लागावी, कोळीवाड्याचा धक्का व मजुराचे घर नकाशावर प्रथम आखले जावे. भाडेपट्ट्यांचा लिलाव त्यानंतरच काढावा.