दोन मिनिटांत आलोच!

शनिवार, संध्याकाळचे साडेसहा. मैत्रीण वैशालीत टेबल पकडून बसलीय आणि मी फर्ग्युसन रस्त्यावर गाडीला जागा शोधतेय. रस्ता वन-वे. एक जागा हुकली की संपलं, जंगली महाराज रस्त्यानं अख्खा फेरा मारून परत हजर! तिसऱ्या फेरीला दोन बुलेटच्या मधे अ‍ॅक्टिव्हा कशीबशी घुसवली. आत पोचले तेव्हा मॅडमचा डोसा खाऊन झाला होता.

असं झालं की आपण महापालिकेला शिव्या घालतो. मीही घातल्या. पण खरं सांगू? सोमवार ते शुक्रवार त्या रस्त्यावरची व्हिलन मीच असते. सकाळी दहाला एका झेरॉक्सच्या दुकानासमोर गाडी लावायची, कॅफेत लॅपटॉप उघडायचा आणि पाचला निघायचं. परवा दुकानातले काका म्हणालेच, ‘‘ताई, माझ्याकडच्या पोरापेक्षा तुमची गाडी वेळेवर येते. गिऱ्हाईक मात्र जागा नाही बघून पुढे निघून जातं.’’

मी ओशाळले. (काकांची स्वतःची स्कूटर माझ्या गाडीशेजारीच उभी होती, ही गोष्ट वेगळी.)

म्हणजे जागा आहे हो. आपण फुकट्यांनी ती दिवसभर अडवलीय, एवढंच. डोनाल्ड शूप नावाचे लॉस एंजलिसचे प्राध्यापक आयुष्यभर हेच सांगत राहिले. २०२५ मध्ये ते गेले. त्यांच्या विद्यापीठाला लागून वेस्टवुड व्हिलेज ही पंधरा ब्लॉकची बाजारपेठ. तिथे रस्त्याकडेची जागा शोधायला सरासरी ३.३ मिनिटं लागतात, असं त्यांनी मोजलं. किरकोळ वाटतं ना? वर्षाचा हिशेब मांडला तर तो निघाला साडेनऊ लाख मैल! नुसत्या घिरट्या. शूप यांचा उपाय सोपा होता. प्रत्येक ब्लॉकमध्ये एक-दोन जागा कायम रिकाम्या राहतील एवढा दर लावा. दहा मिनिटांचं काम असलेला दारात थांबेल, माझ्यासारखी दिवसभराची पाहुणी लांब गल्लीत जाईल.

पैसे म्हटलं की बोंबाबोंब होणारच. कॅलिफोर्नियातल्याच ओल्ड पॅसाडीनात दुकानदारांनाही मीटर नको होते. गिऱ्हाईक पळेल ही भीती. मग शहरानं शब्द दिला की मीटरचा पैसा याच बाजारपेठेवर खर्च होईल. १९९३ मध्ये मीटर लागले आणि त्या पैशातून फुटपाथ, झाडं, दिवे झाले. बाजारपेठ उलट वधारली.

आपल्याकडे २०१८ च्या मार्चमध्ये महापालिकेच्या मुख्य सभेनं पार्किंगचं धोरण मंजूर केलं. इतका ओरडा झाला की ते पाच रस्त्यांवरच्या प्रयोगापुरतं उरलं. कॉलेजात असलेली मीही त्या ओरड्यात होते. ‘आमच्याच रस्त्यावर आम्हीच पैसे द्यायचे?’ वगैरे. पैसे जाणार कुठे, हा खरा प्रश्न होता. तो विचारायचं मात्र सुचलं नाही.

काकांना परवा विचारलं, ‘‘समजा तुमच्या दारात मीटर लागला आणि त्याच पैशात हा फुटपाथ धड झाला, तर?’’

त्यांनी मशिनमध्ये कागद भरला, झाकण लावलं. म्हणाले, ‘‘चालेल की. फक्त माझी स्कूटर कुठे लावायची, तेवढं आधी सांगा.’’