परतीचे अंतर

सायकलचा तोल सावरता येऊ लागला, की मुलांना दूरच्या गावाची ओढ लागते. ही ओढ चांगलीच; परंतु सोबत्यांच्या ईर्ष्येने पहिल्याच दिवशी फार लांब जाणे, हे धैर्य नव्हे. जितके अंतर जावे, तितकेच परतही यावयाचे असते. याचा विसर पडला, म्हणजे उत्साहाने निघालेला मुलगा भर उन्हात सायकल ढकलीत घरी येतो आणि पुन्हा तिला हात लावावयास कचरतो.

शक्ती हळूहळूच वाढते. या आठवड्यात पाच किलोमीटर सहज जमले, तर पुढच्या आठवड्यात सहा जावे. मध्ये एखादा दिवस विसावा घ्यावा; कारण शिणलेले स्नायू विश्रांतीतच बळकट होतात. चढावर घाई करू नये. उतारावर दोन्ही ब्रेक बेताने दाबावेत.

फार मोठे अंतरही याच रीतीने कापले जाते. १९२३ साली मुंबईहून सायकलवर निघालेले आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तुम भूमगरा हे तरुण पृथ्वीप्रदक्षिणा करून १९२८ साली परतले. तो प्रवास सुमारे ७१ हजार किलोमीटरांचा होता. पण चार वर्षांहून अधिक काळाची सरासरी काढली, तर ती दिवसास पन्नास किलोमीटरही भरत नाही.

म्हणून अंगात बळ शिल्लक असतानाच सायकल मागे वळविण्यात कमीपणा नाही. आपल्या शक्तीचे अचूक माप म्हणजेच आत्मविश्वास. ज्याला ते कळले, तोच उद्या आणखी पुढे जातो.