बंद टेम्पो आणि चालकाचा हक्क

धर्माबादच्या बाजारात मिरची घेऊन निघालेला टेम्पो वाटेत बंद पडला, की चालकाची त्या दिवसाची कमाई बुडते. रस्त्यावरील मदतीचे पैसे विम्याबरोबर आगाऊ घेतलेले असतात. ओढून नेणारी गाडी मात्र पुष्कळदा येत नाही. फोनवरच्या आर्जवांनी कंपन्या हलत नाहीत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने राहत्या जिल्ह्यातच दाद मागता येते. मुंबईच्या कंपनीला नांदेडच्या आयोगापुढे उत्तर द्यावे लागते. स्वतः टेम्पो चालवून पोट भरणाराही कायद्याने ग्राहकच ठरतो. मोबदला ५ लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही, मुदत २ वर्षे. (वकिलाचीही सक्ती नाही, हे कंपनी कशाला सांगेल?) फोनची वेळ आणि क्रेनची पावती जपून ठेवण्याची सवय कार्यकर्त्यांनी चालकांना आताच लावावी.