शहर पाहताना काय पाहावे?

संगमनेरहून पुण्याला किंवा नाशिकला जाणे आपल्या घरांना नवे नाही. कुणाचे दवाखान्याचे काम, कुणाच्या मुलीची परीक्षा, कुणाचे लग्नकार्य. आपल्या गावाला रेल्वे नाही, त्यामुळे एस.टी. हाच आपला आधार. काम आटोपले की आपण मुलांना उंच इमारती आणि झगमगणारी दुकाने दाखवतो आणि परतीची गाडी धरतो. वाचकहो, आमचे सांगणे असे की, त्याबरोबर आणखी तीन गोष्टी मुलांना दाखवा. पायी चालणाऱ्याला जागा किती, सावली किती आणि बसची सोय कशी. 'हरित शहर' हे शब्द हल्ली वारंवार कानावर येतात. त्यांची खरी परीक्षा या तीन ठिकाणी होते.

आधी पदपथ. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ सालच्या सूचनांप्रमाणे पदपथावर निदान १.८ मीटर, म्हणजे सुमारे सहा फूट, जागा मोकळी हवी. त्याची कड रस्त्यापासून १५ सेंटीमीटरहून उंच नसावी. कड उंच असली की आजीला पाय उचलवत नाही आणि ती बिचारी वाहनांच्या गर्दीतून चालते. पुण्यात जंगली महाराज रस्त्यावर रुंद पदपथ आहे, बसायला बाक आहेत, मोठ्या झाडांची सावली आहे. मुलांना तिथे पावलांनी रुंदी मोजू द्या. मग एखाद्या कामगार वस्तीच्या रस्त्यावर तसेच मोजू द्या. जे सर्वांत जास्त चालतात त्यांच्या वाट्याला सर्वांत कमी जागा का, हा प्रश्न मुले स्वतःच विचारतील.

पदपथ मोकळा करायचा म्हणजे भाजीवालीला हुसकावायचे, असे मात्र नव्हे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने तिलाही संरक्षण दिले आहे. नगर पथविक्रेता समितीत निदान ४० टक्के सभासद विक्रेत्यांनी निवडलेले असावेत, असे तो कायदा सांगतो.

आता बस. १ जून १९४८ रोजी पहिली एस.टी. पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आपल्याच जिल्ह्याच्या गावी आली. त्याच मार्गावर १ जून २०२२ रोजी 'शिवाई' ही विजेवर चालणारी बस सुरू झाली. तिच्यातून धूर निघत नाही. पण साधी डिझेलची एस.टी.सुद्धा चाळीसेक माणसे एका खेपेत नेते. तीच माणसे दोघे दोघे मोटारसायकलवर निघाली तर वीस गाड्या रस्त्यावर येतील. मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे, म्हणून कामावर जाणाऱ्या आपल्या भगिनींना बसचे मोल अधिक. पुण्यात नाशिक फाट्यावर उतरले तर मेट्रोने थेट स्वारगेट गाठता येते. सप्टेंबर २०२४ पासून ही सोय झाली आहे. नाशिकला २०२१ पासून महापालिकेची सिटीलिंक बस धावते आहे.

मिळालेली सोय टिकतेच असे नाही, हेही ध्यानात ठेवावे. पुण्यात नगर रस्त्यावर बससाठी वेगळी मार्गिका बांधली होती. मोटारींना जागा हवी म्हणून पुढे ती काढून टाकली. आपल्या पुणे-नाशिक महामार्गाचे चौपदरीकरण झाले तेव्हा कडेची जुनी झाडे गेली. गाड्यांचा वेग वाढला, पण रस्त्याकडेला गाडीची वाट पाहणाऱ्याच्या डोक्यावर ऊन आले.

घराचेही तेच. पत्र्याखाली किंवा स्लॅबखाली राहणाऱ्याला वैशाखातली दुपार काय असते ते सांगायला नको. अहमदाबादेत २०१७ साली गरीब वस्त्यांतील सुमारे ३००० छपरांना पांढरा रंग दिला गेला. पांढरा रंग ऊन परतवतो आणि आतली तलखी कमी होते. स्लॅबवर चुन्याचे दोन हात आपणही देऊ शकतो. त्याला वास्तुविशारद लागत नाही.

तेव्हा पुढच्या फेरीत मुलांच्या हाती वही द्या आणि चांगले दिसेल ते लिहून घ्यायला सांगा. गावी आल्यावर आपल्या वस्तीपासून शाळेपर्यंत आणि बसस्थानकापर्यंत त्यांच्यासोबत चाला. पदपथ कुठे तुटला, सावली कुठे नाही, रस्ता ओलांडायला जागा कुठे नाही, हे टिपा. मग दहा-वीस घरांच्या सह्यांचा अर्ज नगरपरिषदेत द्या आणि आवक क्रमांक घातलेली प्रत जपून ठेवा. कचेरीत काम करणारे म्हणून आम्ही सांगतो, तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते, नोंद झालेला कागद मात्र उत्तर मागतो.