आधी मांडणी, मग गणित

उत्क्रांतीचे अनुकरण करून उत्तर शोधणारा ‘जनुकीय अल्गोरिदम’ जॉन हॉलंड यांच्या १९७५ सालच्या ग्रंथामुळे प्रसिद्ध झाला. यात उत्तरे बहुधा ०-१ अंकांच्या माळेत लिहितात. चांगल्या माळांचा संकर करतात, क्वचित एखादा अंक बदलतात. आता गंमत पाहा. द्विमान पद्धतीत ७ म्हणजे ०१११, तर ८ म्हणजे १०००. आकडे शेजारी, पण चारही अंक वेगळे! खरे उत्तर ८ असेल, तर संगणक ७ वरच अडकू शकतो. ‘ग्रे संकेता’त हेच आकडे ०१०० आणि ११०० होतात, एक अंक बदलला की झाले! यंत्र तेच, फरक लेखनाचा. म्हणून मला वाटते, वर्गात आज्ञावलीपूर्वी ‘उत्तर कसे लिहावे?’ हा प्रश्न शिकवावा. विद्यार्थिमित्रहो, तुम्ही काय निवडाल?