'बे'ची तीन कुळे

काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयाच्या वार्षिकांकाचे संपादन माझ्याकडे होते. एका विद्यार्थ्याने कथा दिली होती. मेडिकलच्या वॉर्डात वडील गेलेले, मुलगा बाहेर पायरीवर बसलेला. रात्रभर सोबतीला थांबलेला मित्र पहाटे त्याला एवढेच म्हणतो, 'चाल बे, घरी चाल.' कथा मला आवडली, पण तो 'बे' काही रुचला नाही. मी 'चाल'चे 'चल' केले आणि 'बे'चा 'रे'. अंक निघाल्यावर मुलगा भेटायला आला. सुरात तक्रार नव्हती. 'सर, माझा मित्र मला रे म्हणत नाही,' एवढेच बोलून तो गेला.

आपण खोडले ते नेमके काय, हा प्रश्न तेव्हापासून मनात आहे. मराठीत 'बे' एकच नाही. निदान तीन आहेत आणि त्यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही.

पहिला 'बे' पाढ्यातला. बोलताना आपण 'दोन' म्हणतो. पाढा म्हणताना मात्र 'बे एके बे'. संस्कृत 'द्वे'पासून प्राकृतात 'दो', 'दोण्णि' यांच्याबरोबर 'बे' हेही रूप झाले. गुजरातीत ते आजही रोजच्या व्यवहारात आहे. तिथे दोन म्हणजे बेच. आपल्याकडे ते पाढ्यात थिजून राहिले. बारा, बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न यांच्या तोंडी असलेला 'ब' याच घराण्यातला. गंमत अशी की लॅटिनमध्येही 'द्व'चा 'ब' झाला, आणि तोही स्वतंत्रपणे. जुन्या लॅटिनमधले 'दुइस' पुढे 'बिस' झाले. त्याच कुळातला 'बाय' आपल्या बायसिकलला चिकटून आला. हजारो मैलांच्या अंतरावर दोन भाषांनी, एकमेकींना न विचारता, एकच वाट धरली. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणितात 'वीस दोन', 'चाळीस दोन' अशी संख्यावाचनाची पद्धत आणली तेव्हा केवढा गहजब झाला! बावीसमधला 'ब' जाणार म्हणून हळहळणाऱ्यांत मीही होतो. मुलांची अडचण खरी होती, हे तेव्हा मी मान्य केले नव्हते, आज करतो.

दुसरा 'बे' फारसी, अभावदर्शक. पहलवीत, म्हणजे मध्ययुगीन फारसीत, त्याचे रूप 'अबे' असे होते आणि त्याचा अर्थ 'वाचून', 'शिवाय'. (नागपूरकराने हे वाचून हुरळून जाऊ नये, साम्य केवळ ध्वनीचे आहे. व्युत्पत्तीच्या प्रांतात असल्या साम्यांनी भल्याभल्यांना चकवले आहे.) इराणात या 'बे'चा उच्चार पुढे 'बी' झाला, हिंदुस्थानी फारसीने जुना 'बे' जपला आणि आपण तो उचलला. बेइमान, बेकायदा, बेदम हे शब्द तर तयारच आले. पण मराठी तेवढ्यावर थांबली नाही. तिने बेसूर केले, बेसावध केले, बेभान केले, बेघर आणि बेचव केले. सूर, सावध, भान ही संस्कृतची लेकरे. घर आणि चव आपल्या नित्याच्या बोलण्यातली. त्यांच्या डोक्यावर ही परदेशी टोपी अशी बसली की टोपी आहे हेही कुणाला दिसत नाही. शिवछत्रपतींच्या आज्ञेने सिद्ध झालेल्या राज्यव्यवहारकोशाने फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. पुढे सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ केली. हा 'बे' दोन्हींतून सुखरूप सुटला. भाषाशुद्धीचा कडवा अभिमानीही 'बेसावध' लिहिताना अडखळत नाही.

आणि तिसरा हा आमचा. 'काय करून राहिला बे?' 'नाही बे.' 'अबे, थांब ना.' हा हिंदी-उर्दूतल्या 'अबे'चा सोयरा. त्याच्यावर आक्षेप दोन: तो हिंदी आहे आणि तो असभ्य आहे.

हिंदी आहे, मान्य. पण नागपूरचा इतिहास काय आहे? गोंड राजांनी वसवलेले, भोसल्यांनी वाढवलेले हे शहर १८६१ साली मध्य प्रांताची राजधानी झाले आणि १९५६ पर्यंत हिंदी-मराठी अशा दुभाषी राज्याचा कारभार इथून चालला. कचेरीत, बाजारात, तालमीत दोन्ही भाषा शेजारी नांदल्या. 'करून राहिला' ही क्रियापदाची रचना आणि 'बे' हे संबोधन, दोन्ही त्या शेजाराची मिळकत आहे. गुजरातीच्या बहिणीसारखा पाढ्यातला 'बे' चालतो, इराणातून आलेला 'बे' चालतो, मग शेजारच्या अंगणातून आलेल्यालाच प्रवेशद्वारी का अडवायचे? उघड आहे, आक्षेप मुळावर नाहीच. शब्द कोणाच्या तोंडी आहे, त्यावर आहे. पानटपरीवरच्या पोराच्या तोंडचा शब्द वर्गात नको, एवढेच आपले व्युत्पत्तिशास्त्र.

असभ्यतेचा आक्षेप अधिक गंभीर आहे. वडीलधाऱ्यांना कुणी 'बे' म्हणत नाही. अनोळखी माणसाला म्हटले तर प्रसंग हातघाईवर येऊ शकतो. पण याचाच अर्थ असा की त्याचे नियम पक्के आहेत. बरोबरीच्या नात्यात तो शोभतो, एरवी टोचतो. 'रे' एवढा काटेकोर नाही. आई मुलाला 'रे' म्हणते, भक्त देवाला म्हणतो. म्हणूनच त्या पायरीवरच्या संवादात 'रे' घातल्यावर मित्राच्या जागी कुणी काका येऊन उभा राहिला. मी शब्द बदलला असे मला वाटले होते. प्रत्यक्षात माणूस बदलला होता.

संवादात 'बे' राहू द्यावा आणि निबंधात नको, असे आता मी विद्यार्थ्यांना सांगतो. ही तडजोड आहे, हे जाणून सांगतो. उत्तरपत्रिका तपासणारे सहकारी कथालेखनातही त्याखाली लाल रेघ मारतात. त्यांच्याशी माझे भांडण आहे आणि ते चालू राहील.

बृहदारण्यकोपनिषदात याज्ञवल्क्य मैत्रेयीला, आपल्या पत्नीला, पुन:पुन्हा 'अरे' असे संबोधतो. आजच्या प्रमाण मराठीच्या व्याकरणात तिथे 'अगं' हवे. म्हणजे ही इवलीशी संबोधने लिंगाचे बंधन नंतर घेतात, तसे ते टाकूही शकतात. आमच्या विद्यार्थिदशेत 'बे' फक्त मुलांचा होता. बायकांसाठी वऱ्हाडी 'वं' होता. परवा ग्रंथालयाच्या जिन्यात एम.ए.च्या दोन मुली बोलत होत्या. एकीने दुसरीला विचारले, 'पेपर कसा गेला बे?'